काळी चार, काळी पाच

१ मार्च, रविवार

गुलाबराव सरांनी सांगितलं म्हणून लिहिते. मला लिहायची हौस नाही. सर म्हणाले, "बेबीबाई, बास शिकायचा तर वही पाहिजे. रोज काय वाजवलं, किती वेळा वाजवलं, कुठं चुकलं, सगळं लिहायचं. चुकलेलं लपवायचं नाही." वही कुठली, ही खताच्या दुकानाची गेल्या वर्षीची डायरी आहे. छापलेला वार खोडते आणि खरा लिहिते.

मी चौथी पास. शाळेत ‘मले’ लिहिलं की बाई छडी मारत, म्हणून हात अजून ‘मला’च लिहितो. तोंडाने मलेच.

आमची उजेड महिला गायन पार्टी. सुलतानपूरच्या विहारात सराव. धम्मशीला गाते, ती अंगणवाडीत आहे. रेणुका की-बोर्ड वाजवते. वैष्णवी कॉलेजला जाते, ती ऑक्टोपॅडवर. आणि मी बास, म्हणजे चार जाड तारांची गिटार. सरांनी तरुणपणी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वीस वर्षं वाजवलेली. दिवाळीत त्यांनी ती विहारात आणली आणि विचारलं, कोण शिकतं? मी स्पीकरच्या डब्यावर हात ठेवला होता. सरांनी जाड तार छेडली आणि तळहाताला आमच्या चक्कीचा पाया लागला. अठरा वर्षं पिठाची गिरणी चालवते मी, तो धक्का ओळखते. मी म्हटलं, मी शिकते. हसल्या सगळ्या.

आता १९ एप्रिलला देऊळगाव राजाला जयंतीचा मोठा कार्यक्रम. पाच गाणी. आजपर्यंत आम्ही गावातच वाजवलं, तिथे तालुका बसणार. तिथे मी स्टेजवर असले पाहिजे. बस.

आज वाजवलं: एकच सूर, शंभर वेळा. पहिलं बोट, दुसरं बोट, पहिलं, दुसरं. चुकलं: साठनंतर बोटं भांडायला लागली.

२ मार्च, सोमवार

शंभर. चुकलं: नको असलेली तार वाजते. सर म्हणतात, एक हात वाजवायला आणि दोन्ही हात गप्प करायला. हे गप्प करणंच अवघड. मला तोंडानेही जमत नाही.

४ मार्च, बुधवार

सर म्हणाले होते, ठेक्याशिवाय सराव करू नका, मोबाइलमध्ये टिकटिक घ्या. वैष्णवीने घेऊन दिली. घरी येऊन लावली तर मुकी. बटण लाल होतं, हिरवं होतं, आवाज नाही. दोन वेळा तिच्या घरी गेले.

"मावशी, वाजून तं राह्यली!"

"कुठं वाजते? तुह्या डोक्यात?"

तिने फोन माझ्या कानाजवळ धरला. काहीतरी आलं, मुंगी चालल्यासारखं. हल्लीचे फोन असेच, पाण्यासारखे पातळ. देवानंदला, म्हणजे आमच्या ह्यांना सांगितलं, फोन बिघडला. ते म्हणाले, मह्या कॉलले तं चांगला वाजते. त्यांचं काय, त्यांना कसलाही फोन चालतो.

६ मार्च, शुक्रवार

टिकटिक सापडली! गिरणीचा पट्टा. त्याला जिथे जोड आहे तो जोड चाकावरून गेला की टप करतो. टप, टप, टप. अठरा वर्षं ऐकते आणि कधी ऐकला नव्हता. पोत्यावर बसले, गिटारला जुनं लुगडं गुंडाळलं म्हणजे पीठ जाऊ नये, आणि जोडाबरोबर वाजवलं. गहू टाकला की जोड दमतो, ज्वारीला पळतो. म्हणजे संथ गाणं गव्हावर आणि जलद गाणं ज्वारीवर. सोजराबाई दळण घेऊन आली ती बघतच राहिली.

"बेबे, हे काय वं? पिठात गाणं मिसळून राह्यली काय?"

म्हटलं, हाव, वेगळे पैसे नाही.

गव्हावर दोनशे, ज्वारीवर दीडशे. चुकलं: ज्वारी संपली तेव्हा पट्टा सुसाट पळाला, मी मागे राहिले.

११ मार्च, बुधवार

विहारात सराव. एक गोष्ट लिहून ठेवते, कारण मला राग आला आहे. गिरणीत लोक ओरडून बोलतात तेव्हा सगळं कळतं. आणि या तिघी पुटपुटतात. धम्मशीला गाते तेव्हा तोंड केवढं उघडते, आणि बोलायचं झालं की ओठ शिवलेले. म्हटलं, "मोठ्यानं बोलत जाय ना वं, कायले दात दाबून बोलते?" तिने रेणुकाकडे पाहिलं. रेणुकाने वैष्णवीकडे. मी हे पाहणं पाहिलं.

माझ्याबद्दल काही चाललं आहे.

बाकी, नव्या बांगड्या खोट्या निघाल्या. काचेच्या म्हणून दिल्या, हात हलवला तर किणकिण नाही. बाजारात फसवतात.

घरचा सराव: स्पीकर विहारात राहतो, म्हणून सरांनी सांगितलेली युक्ती केली. गिटारचं डोकं लाकडी कपाटाला टेकवून वाजवायचं. कपाट गुरगुरतं. मी हनुवटी गिटारच्या खांद्याला लावते, मग दातांतून ऐकू येतं. असं ऐकायला फार बरं वाटतं. सगळं जग हनुवटीला बांधता आलं असतं तर.

१५ मार्च, रविवार

डाळ करपली. कुकरने शिट्टीच केली नाही. हे बाहेरून धावत आले, "अवं, सात शिट्ट्या झाल्या, आईकू नाई आल्या काय?"

"सात? एकबी नाई झाली. रबर गेलं त्याचं."

ते गॅस बंद करून माझ्याकडे बघत उभे राहिले. मी भांडं घासायला घेतलं. उद्या रबर बदलते.

वाजवलं नाही. डोकं दुखलं.

१९ मार्च, गुरुवार

सगळं लिहायचं तर लिहिते.

तिसरं गाणं आम्ही महिनाभर काळी चारमध्ये बसवलं. ही पट्टी मला पाठ: की-बोर्डची चौथी काळी, आणि माझ्या जाड तारेवर चौथंच घर, म्हणजे दांड्यावरच्या आडव्या सळयांमधली चौथी जागा. आज धम्मशीला म्हणाली, आवाज मोकळा आहे, वर घेऊ. आणि पट्टी सांगितली. मी ऐकलं, काळी चार. स्वच्छ ऐकलं. चौथ्या घरावर बोट ठेवलं.

गाणं सुरू झालं आणि स्पीकर पायाला वेडावाकडा लागला. चक्कीत खडा गेला की लागतं तसा. मला वाटलं रेणुका चुकली. ती चुकते, आधीही चुकली आहे. म्हणून मी माझा सूर अजून जोरात धरला, म्हणजे तिला कळेल. रेणुकाने हात उचलले. वैष्णवी थांबली. मी एकटीच वाजवत होते.

"बेबीताई! काळी पाच सांगतली ना मी!"

"चार सांगतली."

"पाच, पाच! तीन डाव सांगतली!"

"तं चार कोणं म्हटलं मंग? भुतानं?"

रेणुका म्हणाली, पण ते माझ्याकडे पाहून नाही, की-बोर्डकडे पाहून म्हणाली, म्हणून अर्धंच कळलं. "...डाव्या हातानं बास मीच वाजवून देईन." एवढं कळलं. एवढं पुरे आहे.

पाच महिने झाले. बोटांना घट्टे पडले, ते फुटले, त्यावर दुसरे पडले. आणि हिचा डावा हात!

मी गिटार विहारातच ठेवून निघाले. दाराशी पोहोचले आणि परत जाऊन घेऊन आले. ठेवून आले तर तिथेच राहील.

२२ मार्च, रविवार

सिंदखेड राजाला गाडी बदलून देऊळगाव राजाला सरांकडे गेले. गिटार मांडीवर. कंडक्टर म्हणे, ताई, भजनी मंडळ काय?

सरांना सगळं सांगितलं, रेणुकाचं कपट पण. त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. मागे त्यांनी गिटार स्पीकरला लावून एकेक सूर वाजवला आणि मी घर सांगायचं. जाड तार, तिसरं घर. जाड तार, पाचवं. दुसरी तार, रिकामी. बारा विचारले, अकरा बरोबर! मला वाटलं आता सर रेणुकाला चांगलं सुनावतील.

मग बराच वेळ मागे काही झालंच नाही. मी म्हटलं, "सर, वाजवा ना."

वळून पाहिलं तर सर तोंडासमोर हात धरून काहीतरी बोलत होते. ओठ दिसत नव्हते. त्यांनी हात खाली घेतला.

"काय म्हणून राह्यले सर?"

"काही नाही. तुमचं नाव घेत होतो."

म्हातारे झाले. आवाज गेला त्यांचा.

चहा झाला. सरांनी विचारलं, गिरणीत कानात काही घालता का? म्हटलं, कायले? म्हणाले, "पीठ जाते. कापूस घालत जा. मोटार चालू असली की घालायचाच." बरं म्हटलं. गिरणी बंद केल्यावरही कानात ती बारीक चालूच असते, हे विचारणार होते. पण असं सगळ्यांचंच होत असणार.

निघताना डायरी मागितली. स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ‘पट्टी डोळ्यांनी घ्यायची. कानाने नाही.’ आणि धम्मशीलाचा नंबर घेतला. बोलतील तिला. चांगलं बोलले पाहिजेत.

जाताना पुन्हा तेच म्हणाले, जे पहिल्या दिवशी म्हणाले होते: बास वाजतो ते लोकांना कळत नाही, थांबला की कळतं.

२३ मार्च ते २८ मार्च

गव्हावर तीनशे, रोज. कापूस घातला. विशेष म्हणजे कापूस घालूनही जोडाची टप कळते, पायातून. चुकलं: काही नाही. चुकलं हे सांगायला कोणी तर पाहिजे. विहारातून निरोप नाही.

२ एप्रिल, गुरुवार

निरोप नाही म्हणून मीच धम्मशीलाच्या घरावरून गेले. खिडकी उघडी. तिघीही आत. माझ्याशिवाय! की-बोर्ड नाही, ऑक्टोपॅड नाही, नुसत्या समोरासमोर बसून हात वर करत होत्या. धम्मशीला बोटं दाखवते, त्या दोघी काहीतरी म्हणतात आणि हसतात. वैष्णवीने मला पाहिलं. लगेच हात खाली. तिघींचे.

"या ना मावशी," एवढं ओठांवरून कळलं.

"येत नाई. दळण पडलं हाये."

मतं घेत होत्या. बास पाहिजे की नको, हात वर करा. मला दुसरं काही वाटूच शकत नाही.

घरी येऊन कपाटाला गिटार लावली आणि इतक्या जोराने वाजवली की वरचा डबा पडला. सरांनी पाहिलं असतं तर हातातून काढून घेतली असती. राग आला की बोट तारेत घुसतं आणि सूर फाटतो. आजचं सगळंच चुकलं.

५ एप्रिल, रविवार

आज ह्यांनी एक गोष्ट केली ती लिहिते. सतरा-अठरा वर्षं झाली, हा माणूस माझ्या कुठल्याही कामाला चांगलं म्हणाला नाही, वाईटही नाही. आज दुपारी मी गिरणी बंद करून बसले होते, ते समोर आले, खाली बसले आणि म्हणाले, "बेबी, काम दाखवून दे."

मला भरूनच आलं. म्हणजे यांना सगळं माहीत आहे. रेणुकाचं, मतांचं. म्हटलं, "हाव, दाखवून देतो ना! पाहाल तुमी!"

ते स्वतःचा कान धरून बसले होते. खाजत असेल. माझं उत्तर ऐकून आधी चमकले, मग म्हणाले, "मंग जाऊ? बुधवारी?"

"बुधवारी कायचं? एकोणीसले."

"एवढं थांबतं?"

"थांबावंच लागते. कार्यक्रम तवा हाये."

मान हलवत गेले. मी त्यांच्यासाठी आल्याचा चहा केला. काम दाखवून दे. चार शब्द, पण माणसाला पुरतात. मोजले, तीनच आहेत.

ज्वारीवर चारशे.

१० एप्रिल, शुक्रवार

विहारात बोलावलं. गेले. कोणी काढून टाकलं नाही, पण नवीनच नाटक. प्रत्येक गाण्याआधी धम्मशीला माझ्याकडे वळते आणि हात दाखवते. मूठ उलटी करून बोटं काढली तर काळी, तळवा दाखवला तर पांढरी. चार बोटं, काळी चार. बालवाडीसारखं.

"हे कायले वं? आमाले मोजता येत नाई काय?"

"सगळ्याइसाठीच हाये ते बेबीताई. स्टेजवर गोंगाट राहते ना."

"रेणुकाले तं नाई दाखवत तू."

रेणुका म्हणाली, "मले माहीत राहते." आज माझ्याकडे पाहून म्हणाली, म्हणून पूर्ण कळलं.

मी ठरवलं, हाताकडे बघायचंच नाही. दोन गाणी कानावर वाजवली, दोन्ही बरोबर आली. तिसऱ्याला बोट कुठल्या घरावर ठेवायचं ते ठरेना. न बघता पाहिलं. पाच बोटं. सरांनी डायरीत लिहिलंय म्हणून पाहिलं, तिच्यासाठी नाही.

१४ एप्रिल, मंगळवार

जयंती. गावातच मिरवणूक. वाजवलं नाही, नाचले. डीजेच्या गाडीजवळ होते. तिथे सगळं ऐकू येतं, बरगड्यांना.

१८ एप्रिल, शनिवार

उद्या. तार पुसली. पाचही गाणी दोन वेळा. ठरलंय: पहिलं काळी चार, दुसरं पांढरी सहा, तिसरं काळी पाच, मग दोन्ही काळी चार. हातावर पेनने लिहून घेतलं, घामाने पुसलं, पुन्हा लिहिलं.

भाकरी गेली नाही. हे म्हणाले काहीतरी, मी मान हलवली. हल्ली मी फार मान हलवते. विचारलं तर लोक पुन्हा सांगतात, आणि दुसऱ्यांदा सांगताना त्यांचं तोंड बदलतं. त्या तोंडापेक्षा मान हलवलेली बरी.

२० एप्रिल, सोमवार

काल लिहिता आलं नाही. आज लिहिते.

मैदान भरलं होतं. सर पुढे खुर्चीवर, शेजारी हे. ऊन उतरलं नव्हतं, स्टेजच्या फळ्या तापलेल्या. मी चपला काढून उभी राहिले, म्हणजे माझा स्पीकर पायांना लागेल.

दोन गाणी झाली. धम्मशीलाचा घसा दुसऱ्यातच बसला. गर्दी ओरडत होती, मागे स्पीकरचे डबे, पुढे डबे, माईक शिट्टी मारत असेल, कारण सगळ्यांनी कानावर हात ठेवले. मी नाही ठेवला. मला ती आलीच नाही. रेणुकाने, वैष्णवीने, समोरच्या हजार लोकांनी कान झाकले, आणि मी एकटी मोकळ्या हाताने उभी.

तेवढ्यात धम्मशीला मागे वळली आणि पट्टी बोलली. तिसरं गाणं. ठरलेलं पाच. तिच्या तोंडातून फक्त ‘आ’ आला. चारमध्ये ‘आ’ आहे. पाचमध्ये ‘आ’ आहे. त्या ‘आ’च्या आजूबाजूची अक्षरं सगळी गळून पडलेली. मी चौथ्या आणि सहाव्या घराच्या मधे बोट धरून उभी, आणि मला तो १९ मार्च आठवला. ‘काळी आ’. त्या दिवशीही मी एवढंच ऐकलं होतं. बाकीचं मी भरलं होतं.

मग पाहिलं. तिचा उजवा हात छातीशी होता, गर्दीला दिसू नये म्हणून. उलटी मूठ. चार बोटं, अंगठा आत दाबलेला. बसलेल्या घशासाठी पट्टी खाली घेतली होती. रेणुकासुद्धा की-बोर्डवरून माझ्याकडे चार बोटं करत होती. वैष्णवीच्या हातात काड्या, तिने डोकं चार वेळा हलवलं. त्या तिघींना माझ्याशिवाय दुसरं कोणी दिसतच नव्हतं.

चौथं घर. फळी खालून बोलली. खडा नव्हता.

कार्यक्रम झाल्यावर स्टेजमागे धम्मशीलाला धरलं. "कवापासून?"

ती बोलली, माझ्याकडे तोंड करून, सावकाश, ओठ दाखवत. "बेबीताई, पोळ्यापासून आमी तुमच्याशी ओरडूनच बोलून राह्यलो."

"मंग मले सांगतलं काऊन नाई?"

रेणुका मधे पडली. "सांगतलं ना! तुमी म्हटलं, दात दाबून बोलू नको!"

वैष्णवीला हसू आलं, मग मला आलं, मग मला हसू थांबवता येईना आणि ते वेगळंच काहीतरी झालं. रेणुकाने पदर दिला. त्या दिवशी मी खिडकीतून पाहिलं तेव्हा त्या मतं घेत नव्हत्या, खुणा पाठ करत होत्या. रेणुकाला मी काय काय लिहिलंय ते इथेच राहू दे. खोडायला सरांनी सांगितलेलं नाही.

गाडीत ह्यांना विचारलं, "त्या रविवारी तुमी मले काय म्हटलं होतं?" ते बोलले. मी म्हटलं, लिहून द्या. त्यांनी डायरी मांडीवर घेतली, खड्ड्यांमधून अक्षर वाकडं आलं, ते मागच्या पानावर आहे:

‘कान दाखवून घे.’

२१ एप्रिल, मंगळवार

उद्या पहिल्या गाडीने बुलढाण्याला, कानाच्या डॉक्टरकडे. भीती वाटते. मशीन लावतील, त्यातून बास कसा येईल? पातळ येईल का, फोनसारखा? आणि डॉक्टर म्हणाला गिरणी सोडा, तर टप कुठून आणू? सरांना फोनवर विचारायचं होतं, पण फोनवर ओठ नसतात.

आज वाजवलं: कपाटाला लावून, हनुवटी टेकवून, काळी चार शंभर, काळी पाच शंभर.

चुकलं: हे आजचं नाही, १५ मार्चचं आहे. त्या दिवशी मी कुकरसमोरच उभी होते. रबर चांगलं होतं, मी ते बदललंच नाही. शिट्टी वर उडताना पाहिली, वाफ भिंतीला लागताना पाहिली, आणि सगळं मुकं. दोनदा पाहिलं. मग मी तिकडे पाठ केली आणि भाजी चिरत बसले, डाळ करपेपर्यंत.

लिहिलं नव्हतं.